मागच्या बाकांचा आवाज

—नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय निसटतो — इथे बाकावर बसा, हां, असं — आणि आधी डोळे पुसा बघू. रडायला काय झालं? — भरून आलं? कशानं? मुलं टाळ्या वाजवत शून्यमामाचं गाणं म्हणत होती म्हणून? मॅडम, ती चौदा वर्षांची आहेत हो. चौदा! त्या मधल्या रांगेतल्या मुलाला मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय, आणि तो तुमच्यासमोर उभा राहून हात गोल गोल फिरवत म्हणतो, ‘शून्यमामा, शून्यमामा, पोट तुमचं गोल’ — आणि तुम्ही त्याचा फोटो काढता. मला तर शिसारी येते. दर वेळी येते. कोणी पाहुणा आला की मीच त्यांच्याकडून ते म्हणवून घेते, आणि ती म्हणत असताना मी खिडकीबाहेर बघते, कारण त्या मुलाच्या तोंडाकडे मला बघवत नाही.

चहा घ्या. गार झालाय, पण घ्या. मुलं मधल्या सुट्टीत खाली मैदानावर गेलीत, त्यामुळे बोलायला निवांत आहे. हसरे सर काही वर येणार नाहीत — म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मुलांनी ठेवलेलं नाव, मीही तेच म्हणते, कारण तो माणूस कायम हसतो. अहो, कुणाचा बाप वारला म्हणून सांगायला गेलं तरी आधी हसतो आणि मग ‘अरेरे’ म्हणतो. त्यांनी तुम्हाला जिन्यातच सांगितलं असेल — ‘आमच्या बाई जरा तिखट बोलतात, पण मुलांत फार रमतात.’ सांगितलं ना? बघा. रमतात म्हणे. मी तीस वर्षं गणित शिकवतेय आणि शेवटी माझी ओळख काय, तर मुलांत रमणारी बाई. अंगणवाडीतली आया असते तशी.

तुम्ही संस्थेतर्फे आलात, हा ‘आनंदी गणिता’चा वर्ग नमुन्याचा ठरवायचा की नाही हे बघायला. चांगलं आहे. तुमचं पत्र आलं तेव्हापासून इथे भिंती रंगवताहेत. तो इंद्रधनुष्याचा पट्टा बघितलात? परवापर्यंत तिथे ओल होती. ओल अजून आहे, वर इंद्रधनुष्य आहे इतकंच. आणि ते वाक्य — ‘प्रत्येक मूल गणिती असते’ — ते कोणी लिहिलं माहितीये? पलीकडच्या इमारतीतल्या मुलांनी, समाजकार्याचे गुण मिळतात म्हणून. आमच्या मुलांच्या भिंतीवर त्यांनी येऊन लिहिलं, हात धुतले आणि परत गेली आपल्या वर्गात, समीकरणं सोडवायला. मला त्या वाक्याची इतकी किळस आहे ना — बरं, जाऊ दे. नाही, जाऊ दे कशाला? तुम्ही नमुना बघायला आलात तर नमुना बघाच.

तर दोन इमारती. ही आणि ती. सातवीच्या शेवटी एक चाचणी होते. तिच्यात जे वर येतात ते तिकडे — पूर्ण गणित. उरलेले इकडे, आनंदी गणित. आधी ह्याला ‘सोपं गणित’ म्हणायचे आणि त्याच्याही आधी सरळ ‘ढ तुकडी’. खरं सांगू? ते बरं होतं. ढ म्हटलं की मुलाला राग तरी यायचा. राग आलेलं मूल रात्री उशीत तोंड खुपसून का होईना, ठरवतं की दाखवतोच ह्यांना. पण ‘आनंदी’ म्हटल्यावर ते रागवणार कशावर? हातात रंगीत मणी देतात, टाळ्या वाजवायला लावतात, प्रगतिपुस्तकात हसरा चेहरा काढून देतात, आणि आईबाप बिचारे खूश — आमचं पोर हल्ली शाळेला कंटाळत नाही! कंटाळेल कसं, शाळा सुरूच कुठे झालीये त्याची?

आणि पुढे? पुढे काय होतं हे तुम्हाला संस्थेत सांगतात का? परिचारिका व्हायला जा, विजेचं काम शिकायला जा, जमीन मोजणाऱ्यांच्या खात्यात जा, कुठेही जा — दारातच पहिला प्रश्न, पूर्ण गणित होतं की आनंदी? आनंदी म्हटलं की ते कसे गोड हसतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी परिचारिकेच्या शिक्षणाला गेली होती, तिथल्या बाईनं तिला विचारलं, ‘मग तुम्हाला मणी मोजता येतात का?’ मला येऊन सांगताना ती हसत होती. आपल्याच मुलांना अपमानावर हसायला शिकवलंय आपण, आणि त्यालाच म्हणायचं आनंद.

आता इकडे कोण येतं, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. कुणाची आई दुसऱ्यांची घरं झाडते, कुणाचा बाप गोदामात ओझी उचलतो, कुणाच्या घरी वेगळीच भाषा बोलतात म्हणून प्रश्न वाचायलाच वेळ लागतो. आणि तिकडे? ज्यांच्या घरी संध्याकाळी गणिताचे वेगळे सर येतात ते. मी हसऱ्या सरांना विचारलं, हे असं कसं हो दर वर्षी बरोबर त्याच रेषेवर तुटतं? तर म्हणाले, ‘योगायोग, बाई.’ योगायोग! गणित शिकवणाऱ्या बाईला योगायोग सांगतात. आणि त्यावर उपाय म्हणून काय, तर आम्हाला समतेच्या शिबिराला पाठवलं. गारेगार खोली, मऊ खुर्च्या, हातात रंगीत चिकटणारे कागद. ‘तुमच्या मते समता म्हणजे काय, एका शब्दात लिहा आणि भिंतीवर लावा.’ कुणी लिहिलं प्रेम, कुणी लिहिलं संधी, एकीनं तर फुलपाखरू काढलं. मी लिहिलं — भागाकार. त्या शिकवणाऱ्या मुलीनं तो कागद हळूच काढून खिशात घातला. शी! पण जेवण उत्तम होतं, हे मात्र सगळ्यांनी लिहिलं.

पण मला सगळ्यात जास्त वीट कशाचा आलाय माहितीये? एका शब्दाचा. ‘झेपत नाही.’ आमच्या शिक्षकांच्या खोलीत दिवसातून शंभरदा ऐकू येतो. घड्याळसर आहेत ना — तेच, तिकडच्या इमारतीत शिकवतात, चाचणीचे पेपरही तेच तपासतात. चाचणीच्या वेळी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, टक-टक, म्हणून घड्याळसर — त्यांचा तो ठेवणीतला शब्द. ‘त्या पोराला नाही झेपत हो.’ ‘त्या वस्तीतल्यांना नाही झेपत.’ असा प्रेमानं म्हणतात, मान तिरकी करून, जसं काही दुखण्याची चौकशी करताहेत. अहो, ओझं आहे का ते, झेपायला? तुम्ही कधी पोराच्या डोक्यावर देऊन बघितलंत? न देताच कसं कळलं तुम्हाला झेपत नाही म्हणून? त्यांना उत्तर हवं असतं ते घड्याळाच्या आत. वेळेत आलं तर आलं, नाहीतर येत नाही. म्हणजे पटकन येतं तेच गणित. मला तर तो शब्द ऐकला की तिथेच ओकारी यावी असं होतं.

एकच गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. चाचणीत प्रश्न होता — नेहमीचाच, टाकीचा. एक टाकी एका नळानं तीन तासांत भरते. नळ सकाळी सहाला सोडला, टाकी केव्हा भरेल? उत्तर नऊ. बाळबोध. आता गेल्या वर्षी एक मुलगी होती, नाल्यापलीकडच्या वस्तीतली, बारीकशी, केस नेहमी ओले. तिनं काय लिहिलं? तिनं लिहिलं — भरणार नाही. सातला पाणी जातं. सातपर्यंत तिसरा हिस्सा भरेल. उद्या आणखी तिसरा, परवा उरलेला. म्हणजे परवा सातला भरेल, पण मधे कुणी वापरलं नाही तर. आणि खाली, बारीक अक्षरात — पण वापरतातच.

शून्य दिलं. घड्याळसरांनी शून्य दिलं आणि वर शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं, चहा पिता पिता. ‘पण वापरतातच!’ म्हणाले, आणि सगळे असे हसले — एकीला तर ठसका लागला. मला वाटलं की त्या कपबशा उचलून भिंतीवर फोडाव्यात. अहो, त्या मुलीनं अपूर्णांक केला, वजाबाकी केली, तीन दिवसांवर वाटणी केली, वर एक अट घातली आणि अट टिकणार नाही हेही सांगितलं! त्यांच्या एका तरी हुशार पोरानं विचारलं असतं का, हा नळ बंद होतो का म्हणून? त्यांच्या घरचे नळ बंदच होत नाहीत तर विचारणार कशाला? मी गेले तो पेपर घेऊन हसऱ्या सरांकडे. भांडले. खूप भांडले. ते म्हणाले, ‘बाई, पुस्तकात नऊ आहे.’ आणि हसले. झालं. ती मुलगी इकडे आली, आनंदी गणितात. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. माझी बहीण म्हणाली, ‘अगं, शाळेतलं शाळेत ठेवावं.’ मी म्हटलं, शाळेत ठेवलं तर ते तिथेच सडेल.

काय बघताय? — तो डबा? हो, मण्यांचा. प्रत्येक बाकावर एक दिलाय, तुमच्याच संस्थेनं पाठवलेत. — धूळ? कुठे? — असेल. झाडणारी बाई चार दिवस आली नाही — तुम्ही बोट फिरवून बघू नका हो असं. बोटभर धूळ. बरं. खोटं कशाला बोलू, आणि तुमच्याशी बोलायला लागल्यापासून मला खोटं बोलायचा कंटाळाच आलाय. ते डबे आम्ही उघडतच नाही. आजही नुसते मांडून ठेवलेत, तुमच्यासाठी. जरा उठा. उठा, आणि हा फळा बघा. ह्या बाजूला फुलं काढलीत, बघितलीत ना, पाकळ्यांवर आकडे. आता हा खालून असा धरायचा आणि — जड आहे, थांबा — असा उलटा करायचा. बघा.

बघितलंत? समीकरणं. दोन अनोळखी संख्यांची. तिकडच्या नववीत सुरू होतात, माझ्याकडे आठवीतच झाली. इकडे ‘क्ष’ला बंदी आहे, ठाऊक आहे तुम्हाला? लेखी आहे तसं — अमूर्त चिन्हांमुळे मुलांच्या मनात भीती निर्माण होते. भीती! पहिल्या दिवशी मी फळ्यावर क्ष काढला आणि सांगितलं, जे माहीत नाही त्याचं हे नाव, आता नाव आहे म्हटल्यावर त्याला शोधता येतं. ह्या मुलांना जे माहीत नाही त्याची सवय आहे हो. बाप कधी परत येईल, खोली कधी सोडायला लागेल. त्यांच्याइतकं पटकन क्ष कुणाला कळत असेल? मिसरूडवाला तो मुलगा, शून्यमामा म्हणणारा — तो आता तिकडच्यांच्या पुढे आहे. दोन महिन्यांत. माझ्या डोळ्यांदेखत तो ताठ बसायला लागला.

चोरून, अर्थात. मग काय परवानगी मागू? जिन्यावर पावलं वाजली की फळा उलटा. पण नुसता फळा उलटून भागत नाही, आनंदी गणिताला आवाज लागतो. वर्ग शांत असला की हसरे सर दारात हजर, ‘बाई, मुलं आज उदास का?’ अहो, शिकणारं मूल गप्पच असतं, कपाळाला आठ्या घालून, पेन्सिल चावत. ते ह्यांना दुःखी दिसतं! म्हणून मी एक युक्ती काढली. कुणाला सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगतेय. मागचे बाक आवाज करतात. टाळ्या वाजवायच्या, गाणं म्हणायचं, मधूनच खिदळायचं — आळीपाळीनं, मी सगळं बसवून घेतलंय त्यांच्याकडून — आणि त्या आवाजाच्या आडोशानं पुढचे बाक शिकतात. बाहेरून ऐकलं तर वाटेल वर्ग नाचतोय. खाली कार्यालयात बसून हसरे सर खूश. आणि एकीला दाराजवळ बसवलंय राखणीला. पावलं ऐकू आली की तिनं डबा जोरात खुळखुळवायचा, मी फळा उलटायचा. तिला शिकवून ठेवलंय, आवाज थांबला की वर्ग उदास दिसतो, म्हणून परका माणूस खोलीतून बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही, मग कुणीही थांब म्हणो. आजवर एकदाही पकडलं नाही कुणी. हं! समतेच्या शिबिरात हे शिकवतील का?

म्हणूनच तुम्हाला इथे बसवून घेतलं. नाहीतर इंद्रधनुष्य दाखवून तुमचीही बोळवण केली असती. ऐका, पुढच्या महिन्यात नववीच्या पूर्ण गणिताची प्रवेशपरीक्षा आहे. तिकडचे सगळे बसतात. आमच्या मुलांना बसू देत नाहीत, ‘उगाच ताण नको’ म्हणून. ही शेवटची संधी आहे त्यांची, एकदा नववी इकडे सुरू झाली की जन्मभर आनंदी. पण तुमच्या अहवालात शेवटी शिफारशी असतात, आणि तुमची संस्था सांगेल ते हसरे सर हसत हसत ऐकतात. मला एक ओळ हवीये. एकच. ह्या वर्गातल्या पुढच्या तीन बाकांवरच्या मुलांना परीक्षेला बसू द्यावं. ती पास होतील. मी माझी नोकरी पैजेवर लावते, होतील. मग बघू घड्याळसर काय वाचून दाखवतात चहाबरोबर.

लिहा ना. — काय? — मागच्यांचं काय म्हणजे? मागच्यांचं काय असायचंय — ते — अहो, सगळ्यांना कसं बसवता येईल? मी एकटी, अर्धा पाऊण तास मिळतो, त्यातही कान जिन्याकडे. वेळ कुठे आहे मला? मला निवडणं भागच होतं. — कसं म्हणजे? सरळ. सुरुवातीला एक उदाहरण फळ्यावर टाकलं, ज्यांनी पटकन पकडलं ते पुढे आले, बाकीचे मागे गेले. अगदी न्यायानं, सगळ्यांना एकच उदाहरण. — नाही हो, घड्याळ कसलं! घड्याळ नव्हतं लावलं मी. म्हणजे, तासाची घंटा होईपर्यंत. घंटा तर होणारच ना, ती काय माझ्या हातात आहे? आणि मागे बसणारी काही दुःखी नाहीत, विचारा त्यांना, त्यांना गाणी आवडतात, त्यांना जबाबदारी आहे, आणि समीकरणं म्हणाल तर त्यांना खरंच — मी बघितलंय ना — त्यांना नाही झेप—

—

चहा आणखी हवा का? नको. बरं.

असं बघू नका माझ्याकडे. मी काय त्यांच्यासारखी आहे? तीस वर्षं झाली मला, मी काय — अहो, कुणीतरी तर वर जायला हवं की नको ह्या खोलीतून? सगळे बुडाले तर बरं का? तुम्हाला सोपं आहे बोलायला, तुम्ही बोललाही नाहीत म्हणा, नुसतं विचारलंत. तुम्ही आज आलात, संध्याकाळी जाल. मी रोज इथे असते. कुणाला तरी मागे बसायला लागणारच होतं. आवाज कोण करणार होतं मग? भिंती?

आणि तुम्ही तो डबा का उचललात? तो ठेवा जागेवर. तो वेगळा आहे, दाराजवळच्या बाकावरचा. — हो, त्याला धूळ नाही. रोज वाजतो म्हणून. पत्रा झिजून चकचकीत झालाय, हो, आणि कोपरा चेपलाय, दिसतंय मलाही, मी काय आंधळी आहे? एकदा तर दिवसभर पाहुणे होते तेव्हा तिच्या मनगटाला सूज आली होती, मी मलम लावलं. आईसारखं लावलं. तिनं काय म्हणावं? म्हणाली, ‘बाई, माझ्यामुळेच आपला वर्ग चालतो ना?’ मी म्हटलं, हो गं राणी, तुझ्यामुळेच. खरंच होतं की ते.

कोण ती? — राखणीची मुलगी.

नाव काय करायचंय तुम्हाला? — केस ओले असतात तिचे.

हो.

हो, तीच. टाकीवाली. — अहो, ऐकून तर घ्या, तिचा काही वेगळा — हल्ली त्यांच्याकडे पाणी शाळेच्या वेळेलाच येतं. आई कामाला गेलेली असते, भरायचं हिलाच. ती येते तोवर नव्या उदाहरणाची सुरुवात होऊन गेलेली असते. ज्या दिवशी मी ते उदाहरण घातलं त्या दिवशीही ती उशिराच आली. दारात उभी राहिली आणि वाचायला लागली फळ्यावरचं, ओठ हलवत, सावकाश — ती सावकाशच वाचते — आणि घंटा झाली. मग मी काय करायला हवं होतं? तिच्यासाठी घंटा थांबवू? दाराजवळचा बाक रिकामा होता, उशिरा येऊन बसायला सोयीचा, आणि तिचे कान असे तिखट आहेत की खालच्या पायरीवरचं पाऊल कळतं तिला. मला वाटलं, बरं झालं, हिलाही काहीतरी मिळालं. मी तिच्यासाठी भांडले होते हो. तुम्हाला सांगितलं ना आत्ता. जेवले नव्हते मी त्या दिवशी.

मी तिला नंतर विचारलंसुद्धा नाही की तुला पुढे बसायचंय का. तिनं कधी म्हटलं नाही. म्हणेल कशी? तिला सांगितलंय ना, वर्ग तुझ्यामुळे चालतो म्हणून.

थांबा — पावलं आली. हसरे सर? नाही, ही धावत येताहेत. मधली सुट्टी संपायच्या आधीच वर येते ती, पाहुणे असले की. — काय गं? ये. दारात का उभी आहेस? ह्या मॅडम आहेत ना, आपल्या — अगं, फळा असू दे तसाच. मीच उलटा केलाय, चुकून नाही, मी त्यांना दाखवत होते. घाबरू नकोस. नाही, डबा नको उचलूस. नको म्हणते ना. — अगं थांब! कुणी येत नाहीये! — थांब, पोरी, हात दुखेल तुझा, कालच तर — ठेव. खाली ठेव तो. मला ऐकू येत नाही काही, ठेव म्हणते ना!

मॅडम, चला. बघताय काय? ती माझ्या सांगण्यानं थांबणार नाही, मीच तसं शिकवलंय तिला. तुम्ही खोलीत आहात तोवर ती वाजवत राहणार. — ती ओळ? माहीत नाही. मला नका विचारू काय लिहायचं. तुमची पिशवी घ्या आणि निघा. जा. जा ना हो आता!